दोनशे पौंडांची गोष्ट

१९०२ सालच्या सप्टेंबर महिन्यात न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'हार्पर्स मंथली' या मासिकात एक इंग्रजी गोष्ट छापून आली. गोष्ट लहानशीच. रात्रीच्या जेवणानंतर वाचायला घेतली तर झोपायच्या वेळेपर्यंत सहज संपावी. मात्र संपल्यावर झोप लागेलच याची हमी नाही, अशी. तिचं नाव 'द मंकीज पॉ', म्हणजे 'माकडाचा पंजा'. लेखक डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज.

इंग्रजी वाचकांना हे नाव चांगलं परिचयाचं होतं, पण ते निराळ्याच कारणासाठी. जेकब्ज हा विनोदी लेखक. बंदरातले खलाशी, गलबतांचे तांडेल, त्यांच्या तोंडाळ बायका, धक्क्यावरचा गप्पिष्ट रखवालदार ही त्याची माणसं. त्याची गोष्ट आली की घरातल्या मोठ्यांनी ती वाचून दाखवायची आणि बाकीच्यांनी हसायचं, असा तो काळ. त्यानं पुढची पंचवीस वर्षं लोकांना हसवलं, त्यावर घर चालवलं, नाव कमावलं. आणि आज? त्याच्या विनोदी गोष्टींची पुस्तकं इंग्लंडातही शोधावी लागतात. 'माकडाचा पंजा' मात्र जगभर वाचला जातो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्याकडच्या वाचकालाही ही गोष्ट कुठून ना कुठून भेटलेली असते. कुणाला इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात, कुणाला एखाद्या संग्रहात, कुणाला आत्याच्या किंवा मामाच्या तोंडून, लेखकाचं नाव गाळून.

मला जेकब्जविषयी कुतूहल वाटू लागलं ते आणखी एका कारणानं. हा माणूस वीस वर्षं बचत बँकेत कारकून होता. मी स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत काढला, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचताना माझं लक्ष त्या वाळलेल्या पंजापेक्षा एका आकड्याकडे जास्त गेलं. तो आकडा म्हणजे दोनशे पौंड. त्या आकड्यापर्यंत पोहोचायचं तर आधी जेकब्जचं आयुष्य पाहायला हवं.

विल्यम वायमार्क जेकब्ज याचा जन्म ८ सप्टेंबर १८६३ चा, लंडनच्या वॉपिंग भागातला. वॉपिंग म्हणजे थेम्स नदीच्या काठची बंदरवस्ती. वडील एका धक्क्याचे व्यवस्थापक होते. हुद्दा ऐकायला बरा, पण घरात मुलं बरीच आणि पैसा बेताचा. आई लहानपणीच गेली. घराबाहेर पडलं की समोर जहाजं, पडाव, दोरखंड, डांबराचा वास आणि देशोदेशीचे खलाशी. शेजारच्याच सेंट कॅथरिन गोदीत पूर्वेकडचा चहा, मसाले, हस्तिदंत उतरत असे. जवळच्या रॅटक्लिफ हायवेवर जॅमरॅक नावाच्या व्यापाऱ्याचं प्रसिद्ध दुकान होतं. तिथे जहाजांवरून आलेली जनावरं विकत मिळत. वाघ-सिंहांपासून माकडांपर्यंत सगळी. पूर्वेकडून आलेल्या खलाशाच्या किंवा शिपायाच्या खिशातून काय निघेल याचा नेम नाही, हे वॉपिंगच्या पोराला कुणी शिकवावं लागत नसे.

शिक्षण एका खासगी शाळेत आणि पुढे बर्कबेक संस्थेत झालं. बर्कबेक म्हणजे नोकरदारांना आणि गरीब होतकरू मुलांना संध्याकाळी शिकवणारी संस्था. तिथे त्याला विल्यम पेट रिज हा मित्र मिळाला. तोही पुढे लंडनच्या सामान्य माणसांविषयी लिहिणारा लेखक झाला. १८७९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, जेकब्ज पोस्ट ऑफिस सेव्हिंग्ज बँकेत कारकून म्हणून चिकटला.

ही बँक १८६१ साली निघाली होती. किमान ठेव एक शिलिंग, व्याज शेकडा अडीच. मोलकरणी, मजूर, शिवणकाम करणाऱ्या बाया, खलाशांच्या बायका यांचे चिमूटभर पैसे सरकारच्या भरवशावर सुरक्षित राहावेत म्हणून काढलेली. आपल्याकडे पोस्टाची बचत बँक आली ती याच धर्तीवर, १८८२ मध्ये. खातेदारांची पुस्तकं सगळ्या देशातून लंडनच्या मुख्य कचेरीत यायची, नोंदी तपासायच्या, व्याज चढवायचं आणि पुस्तक परत पाठवायचं. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळातलं हे काम. ज्यांनी मोठ्या लेजरवर उभ्या बेरजा केल्या आहेत त्यांना ते वेगळं सांगायला नको. मान दुखते, डोळे थकतात, आणि एक पेनी चुकली तरी ताळा लागेपर्यंत घरी जाता येत नाही.

जेकब्जला ही नोकरी आवडत नसे. पण दारिद्र्य जवळून पाहिलेल्या माणसाला दर महिन्याचा ठरलेला पगार सोडवत नाही. १८८५ च्या सुमारास तो संध्याकाळी लिहू लागला. सुरुवातीचे काही तुकडे पोस्टातल्या नोकरवर्गाच्या 'ब्लॅकफ्रायर्स' या मासिकात निनावी छापून आले. मग जेरोम के. जेरोमनं त्याला हेरलं. 'थ्री मेन इन अ बोट'चा हा लेखक आपल्याकडेही आवडीनं वाचला जातो. जेरोम 'द आयडलर' आणि 'टुडे' ही नियतकालिकं चालवत होता. त्यांत जेकब्जच्या गोष्टी येऊ लागल्या. १८९६ मध्ये 'मेनी कार्गोज' हा पहिला संग्रह निघाला आणि खपला. लगेच १८९७ मध्ये 'द स्किपर्स वुइंग', १८९८ मध्ये 'सी अर्चिन्स'. त्याच वर्षापासून 'स्ट्रँड' मासिकात त्याची वर्णी लागली. 'स्ट्रँड' म्हणजे शेरलॉक होम्सचं मासिक. तिथे नियमित छापून येणं म्हणजे लेखकानं गाव जिंकल्यासारखंच.

तरी नोकरी सुटेना. १८९८ मध्ये सहा गोष्टींचे पन्नास पौंड देऊ केले असताना जेकब्जनं ते नाकारले, हे ऐकून अर्नॉल्ड बेनेट हा कादंबरीकार चकित झाला होता. बेनेट स्वतः कारकुनी करून आलेला. पन्नास पौंड म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. पण मला वाटतं, जेकब्जलाही ते तितकंच माहीत होतं. आपल्या मालाची किंमत ठरवायला तो शिकला होता. शेवटी १८९९ मध्ये, वीस वर्षांनंतर, त्यानं राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी अॅग्नेस एलिनोर विल्यम्स हिच्याशी लग्न केलं आणि लंडनबाहेर एसेक्समधल्या लाउटन या गावी एपिंगच्या रानाजवळ बिऱ्हाड थाटलं. पुढे पाच मुलं झाली. लाउटनच त्याच्या गोष्टींत 'क्लेबरी' या नावानं आलं आणि तिथला बॉब प्रेटी नावाचा चोरटा शिकारी इंग्लंडभर प्रसिद्ध झाला. अॅग्नेस मात्र नवऱ्याहून अगदी वेगळ्या घडणीची. ती स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्यांपैकी होती. जेकब्ज जुन्या वळणाचा, संकोची आणि मितभाषी. घरात दोन मतं असणं म्हणजे काय, हे त्याला विनोदी गोष्टींसाठी बाहेर शोधावं लागलं नसावं.

लिहिण्याचा वेग अतिशय कमी. जेरोमनं आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं आहे की, एखादं वाक्य मनासारखं जमवायला जेकब्ज अख्खी सकाळ घालवत असे आणि महिन्याला एक गोष्ट झाली तरी आता सुट्टी घ्यायला हरकत नाही असं त्याला वाटे. ताळा लागेपर्यंत न उठण्याची कचेरीतली सवय त्यानं लेखनातही मोडली नाही, असंच म्हणायचं.

अशा माणसानं १९०२ मध्ये 'माकडाचा पंजा' लिहिला. ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेवट कळल्यानं धार जावी अशी ही गोष्ट नाही.

बाहेर पावसाची गार रात्र. घरात शेगडी पेटलेली. म्हातारा मिस्टर व्हाइट आणि त्याचा तरुण मुलगा हर्बर्ट बुद्धिबळ खेळताहेत, आई विणकाम करते आहे. इतक्यात व्हाइटचा जुना ओळखीचा सार्जंट-मेजर मॉरिस येतो. हिंदुस्थानात एकवीस वर्षं काढून आलेला. दोन घोट पोटात गेल्यावर तो खिशातून माकडाचा एक वाळका पंजा काढतो. एका फकिरानं तो मंत्रून ठेवलेला आहे. माणसाचं आयुष्य नशिबाच्या हाती असतं आणि त्यात ढवळाढवळ करणाऱ्याला पस्तावावं लागतं, हे फकिराला दाखवून द्यायचं होतं. तीन माणसांना प्रत्येकी तीन इच्छा मागता येतील. पहिल्या माणसाची तिसरी इच्छा मरणाची होती. मॉरिसच्या तिन्ही झाल्या आहेत, पण त्यांविषयी तो बोलत नाही. तो पंजा विस्तवात फेकतो आणि व्हाइट तो झडप घालून बाहेर काढतो.

आता मागायचं काय? म्हाताऱ्याला सुचत नाही. त्याला हवं ते सगळं आहे. हर्बर्ट थट्टेनं म्हणतो की घरावरचं कर्ज फिटलं म्हणजे झालं, तेव्हा दोनशे पौंड माग. म्हातारा मागतो. पंजा हातात सापासारखा वळवळल्याचा त्याला भास होतो. पैसे काही येत नाहीत. सगळे झोपायला जातात.

दुसऱ्या दिवशी हर्बर्ट कामावर जातो. दुपारी कारखान्यातून नीटस कपडे केलेला एक गृहस्थ येतो आणि फाटकाशी घुटमळतो. हर्बर्ट यंत्रात सापडला आहे. कंपनी कोणतीही जबाबदारी मान्य करत नाही, परंतु मुलाच्या नोकरीचा विचार करून काही रक्कम देऊ इच्छिते. ती रक्कम दोनशे पौंड.

पुढचं बऱ्याच जणांना आठवत असेल. मुलाला पुरल्यावर काही रात्रींनी आईला उरलेल्या इच्छांची आठवण होते. ती नवऱ्याला मुलगा जिवंत होऊन येऊ दे असं मागायला लावते. मध्यरात्री दारावर थाप पडते. ती धावत खाली जाते, वरची कडी निघेना म्हणून खुर्ची ओढून घेते. यंत्रात चिरडलेला आणि मरून दहा दिवस झालेला मुलगा कसा दिसत असेल याची कल्पना फक्त म्हाताऱ्यालाच आहे. तो अंधारात पंजा चाचपतो आणि तिसरी इच्छा मागतो. दार उघडतं तेव्हा बाहेर रिकामा रस्ता आणि मिणमिणता दिवा.

भुताच्या गोष्टीत भूत नाही. दाराबाहेर कोण होतं हे जेकब्ज दाखवत नाही. तिसरी इच्छा कोणती होती हेही तो लिहीत नाही. आपण ती ओळखतो. तर्कवादी माणसाला हवं तर सगळे योगायोग म्हणता येतील, इतकी जागाही तो ठेवतो. पण मला विशेष वाटतं ते दुसरंच. ते दोनशे पौंड पुढे कुठे गेले? गोष्टीच्या पहिल्या भागात ज्या कर्जासाठी ते मागितले, ते कर्ज फिटलं का? जेकब्ज पुढे त्या पैशाविषयी एक अक्षर लिहीत नाही. रक्कम उच्चारली जाते, आई किंकाळी फोडते, बाप कोसळतो, आणि तिथून पुढे तो आकडा गोष्टीतून नाहीसा होतो.

हा आकडा जेकब्जनं हवेतून आणलेला नाही. इंग्लंडमध्ये १८९७ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला होता. कारखान्यात अपघाती मृत्यू आला, तर मृतावर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांना त्याची तीन वर्षांची कमाई किंवा दीडशे पौंड, यांत जे अधिक असेल ते द्यायचं. मात्र तीनशे पौंडांच्या वर नाही. आपल्याकडे असा कायदा यायला १९२३ साल उजाडलं. म्हणजे १९०२ च्या वाचकाला माणसाच्या जिवाची रक्कम ठरवता येते ही गोष्ट नवी राहिली नव्हती, आणि दोनशे पौंड ही रक्कम तर त्याला अगदी ओळखीची वाटली असेल. जबाबदारी नाकारून पैसे पुढे करणारा तो सभ्य गृहस्थही ओळखीचाच. कारकुनी भाषेचा इतका थंड उपयोग मी दुसऱ्या भयकथेत पाहिलेला नाही. ती भाषा जेकब्जनं वीस वर्षं रोज लिहिली होती.

इच्छा मागण्याच्या गोष्टी जुन्याच. आपल्या पंचतंत्रात मंथरक नावाचा विणकर आहे. झाडावरच्या यक्षासारख्या देवतेनं त्याला वर मागायला सांगितलं. मित्रानं राज्य मागायचा सल्ला दिला, बायकोनं आणखी दोन हात आणि एक डोकं माग म्हटलं, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे विणता येईल. त्यानं तसं मागितलं आणि गावकऱ्यांनी राक्षस समजून त्याला ठार केलं. भस्मासुराची गोष्ट तर पोरासोरांनाही ठाऊक असते. कैकेयीला दशरथानं दिलेले वर दोनच, पण त्यांनी एक मुलगा वनात गेला आणि नवरा प्राणाला मुकला. आपल्या पुराणांना ही गोष्ट पूर्ण उमगलेली होती. जेकब्जनं केलं ते एवढंच की राजवाड्यातला आणि जंगलातला वर त्यानं कर्जाच्या हप्त्याखाली वाकलेल्या एका साध्या घरात आणून ठेवला. राज्य नाही, सोन्याचा डोंगर नाही. फक्त घर मोकळं व्हावं. त्या व्हाइटला लोभी कोण म्हणेल? असं मागणं आपण सगळ्यांनी कधी ना कधी मनात मागितलेलं असतं.

नोकरीत असताना मी एका औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत होतो. तिथे एक निवृत्त गृहस्थ येत. त्यांच्या घरकर्जाचे हप्ते पेन्शनमधून जात असत. एकुलता मुलगा कारखान्यातल्या अपघातात गेला आणि भरपाईची रक्कम त्यांच्या खात्यावर जमा झाली. ती उरलेल्या कर्जापेक्षा थोडी जास्तच होती. त्यांनी ती सगळी मुदत ठेवीत टाकली. ठेवीला मिळणारं व्याज कर्जावरच्या व्याजापेक्षा कमी होतं, तेव्हा हिशेबानं कर्ज फेडून टाकणं फायद्याचं. आमचं कामच असतं हे सांगायचं. मी कागदावर आकडे मांडून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कागद घडी करून खिशात ठेवला, आणि पुढच्या महिन्याचा हप्ता नेहमीप्रमाणे पेन्शनमधून भरला. त्यानंतरचाही. मुदत संपली की ठेव पुन्हा ठेवायची, असा अर्ज ते दर वर्षी स्वतः येऊन देत. त्या पैशानं घर मोकळं करायचं नव्हतं त्यांना. त्यांनी तसं तोंडानं कधी सांगितलं नाही आणि विचारण्याची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

जेकब्जच्या टेबलावरूनही अशी पुस्तकं गेली असणार. मृत खातेदारांची, वारसांची, अंगठे उठवलेल्या अर्जांची. बचत बँकेच्या कारकुनाला माणसं दिसत नाहीत. नाव, रक्कम आणि तारीख दिसते. पण वीस वर्षांत एखादा संवेदनशील माणूस त्या तीन रकान्यांतून बरंच काही वाचायला शिकतो. व्हाइटचे दोनशे पौंड गोष्टीतून का नाहीसे झाले, याचं माझ्यापुरतं उत्तर हे असं आहे: असल्या पैशाचं पुढे काय झालं हे विचारायचं नसतं, हे जेकब्जला ठाऊक होतं.

आता या गोष्टीच्या प्रवासाकडे वळू. मासिकात ती मॉरिस ग्रीफेनहेगनच्या चित्रांसह आली. त्याच वर्षी ती 'द लेडी ऑफ द बार्ज' या संग्रहात गेली. संग्रहात बारा गोष्टी. नाव 'माकडाच्या पंजा'चं नाही, पडावावरच्या एका विनोदी गोष्टीचं, ती पहिली. पंजा दुसऱ्या क्रमांकावर, बाकीच्या हलक्याफुलक्या मंडळींत बसवलेला. लेखकाची खरी ओळख विनोदाची, त्यामुळे पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरही तीच, असा साधा व्यवहार. आणखीही भीतीच्या गोष्टी त्यानं लिहिल्या होत्या. याच संग्रहात 'द वेल' आहे, पुढे १९०९ मध्ये 'सेलर्स नॉट्स'मध्ये 'द टोल हाउस' आली. पण अशा गोष्टी त्यानं नेहमी विनोदाच्या पंगतीतच वाढल्या, जशी गोड जेवणात तिखट चटणी.

नाटकवाल्यांना मात्र पंजाची ताकद लगेच कळली. लुई पार्कर या नाटककारानं त्याची एकांकिका केली आणि ६ ऑक्टोबर १९०३ ला लंडनच्या हेमार्केट थिएटरात ती रंगमंचावर आली. तीन माणसांचं घर, एक दार, बाहेर वाऱ्याचा आवाज आणि शेवटी थाप. याहून स्वस्तात प्रेक्षक घाबरवता येत नाहीत. पुढे हौशी मंडळ्यांनी ती उचलली. मग सिनेमा आला. १९१५ आणि १९२३ मध्ये इंग्लंडात मूकपट झाले, १९३३ मध्ये अमेरिकेत आरकेओ कंपनीनं बोलपट केला. हे सगळं जेकब्जच्या डोळ्यांदेखत. १९२८ मध्ये डोरोथी सेअर्स या लेखिकेनं रहस्य आणि भयकथांचा जो जाडजूड संग्रह काढला त्यात पंजा होता. १९४४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या भयकथांच्या प्रसिद्ध संग्रहातही होता. संग्रहातून संग्रहात, तिथून पाठ्यपुस्तकांत, तिथून वर्गावर्गांत. स्टीफन किंगच्या १९८३ च्या 'पेट सिमेटरी' या कादंबरीत मेलेल्या मुलाला परत आणणारा बाप आहे. त्याच्या मागे जेकब्जचीच म्हातारी आई उभी आहे. १९९१ मध्ये अमेरिकेच्या 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेनं पंजाची नक्कलही केली. नक्कल सगळ्यांना कळते याचा अर्थ मूळ गोष्ट सगळ्यांच्या घरात पोहोचली आहे.

लेखक मात्र हळूहळू मागे पडत गेला. पहिल्या महायुद्धानंतर त्याचं नवं लेखन फार कमी झालं. १९१४ मध्ये 'नाइट वॉचेस', १९१९ मध्ये 'डीप वॉटर्स', मग एकदम १९२६ मध्ये 'सी व्हिस्पर्स'. तो शेवटचा नवा संग्रह. उरलेला वेळ तो आपल्याच जुन्या गोष्टींची नाटकं करत राहिला. त्याच्या गोष्टींतलं जग, शिडाची गलबतं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं माल वाहणारे तांडेल, एव्हाना मोडत आलं होतं. आगबोटींनी आणि आगगाडीनं ते गिळलं. ज्या विनोदाला तो खलाशी, तो पडाव आणि ती बोली लागते, तो विनोद त्यांच्याबरोबरच म्हातारा झाला. भीतीला मात्र काही लागत नाही. एक घर, एक मुलगा आणि थोडं कर्ज असलं की झालं. ते तिन्ही आजही घरोघरी आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १ सप्टेंबर १९४३ रोजी, लंडनमध्ये जेकब्ज वारला. ऐंशीव्या वाढदिवसाला एक आठवडा उरला होता. तरुण वयात त्यानं एकच गोष्ट मनापासून मागितली असावी: त्या लेजरांतून सुटका आणि लेखणीवर घर चालवण्याइतका पैसा. ती इच्छा त्याला मिळाली, आणि तिच्यासाठी त्याला कुणाचा बळीही द्यावा लागला नाही. वीस वर्षं थांबून, एकेक वाक्य घासून त्यानं ती स्वतः कमावली. पंजाच्या गोष्टीतला हा दुसरा रस्ता त्यानं लिहिला नाही, पण जगून दाखवला.

कायद्याच्या हिशेबात लेखकाच्या मृत्यूनंतर त्याचं लेखन काही वर्षं वारसांचं असतं. आपल्याकडे ती मुदत साठ वर्षांची, म्हणून २००४ च्या पहिल्या दिवसापासून 'माकडाचा पंजा' भारतात सर्वांसाठी खुला झाला. इंग्लंडात सत्तर वर्षांची मुदत, ती २०१३ अखेर संपली. अमेरिकेत तर तो त्याच्या कितीतरी आधी मोकळा झाला होता. म्हणजे आता कुणालाही ही गोष्ट छापता येते, भाषांतर करता येते, मुलांना वाचून दाखवता येते.

वाचून दाखवायचीच असेल तर जेकब्जनं संग्रहात जो क्रम ठेवला तोच पाळावा. आधी पडावावरची ती विनोदी गोष्ट, सगळ्यांनी मिळून. पोरं हसून दमली की त्यांना झोपायला पाठवावं. मग दुसरी गोष्ट काढावी आणि त्याआधी घराचं दार नीट लावलं आहे ना, हे एकदा उठून पाहून यावं.